पाऱ्याची डबी

मी संशयी माणूस आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे घ्यायला गेलो की बांगड्याचे कल्ले उचलतो, डोळे बघतो, पोट दाबतो आणि मग वास घेतो. एकदा एक मासेवाली कंटाळून म्हणाली, "वो भाऊ, बांगडा घेताव का सोयरीक जमवताव?" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मी तो बांगडा घेतला नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतो, गाडीपर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. बायको म्हणते, हा माणूस देवळात गेला तर नमस्कार करायच्या आधी देव जागेवर आहे का ते बघेल. ती काहीही म्हणो, माझ्या धंद्यात हा स्वभाव उपयोगी पडतो.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी शेड आहे. तिथे आम्ही बॉयलरच्या पाण्यावर पहारा ठेवणारे स्विच बनवतो. बॉयलर म्हणजे वाफ करायचं बंद भांडं. खाली आग, आत पाणी. पाणी घटलं आणि आग तशीच राहिली तर भांडं लाल होतं, आणि मग कधी फुटेल त्याचा नेम नाही. समोर जो माणूस उभा असतो त्याचं काय होतं ते मला लोट्याच्या वसाहतीत नोकरीला असताना एका जुन्या ऑपरेटरने सांगितलं होतं. त्याने फारसं सांगितलं नाही, नुसता भाजलेला गाल माझ्याकडे वळवला. म्हणून पाणी घटलं की आग आपोआप विझवणारी एक डबी बॉयलरला लावतात. ती डबी मी बनवतो.

तिची रचना मला आजही आवडते. बॉयलरच्या कुशीला पाण्याचं एक लहान भांडं जोडलेलं असतं, त्यात पोकळ गोळा तरंगतो. गोळ्याच्या डोक्यावर दांडी आणि दांडीच्या टोकाला लोखंडाचा तुकडा. पाणी वर असलं की हा तुकडा वरच्या अरुंद बंद नळीत चढून बसतो. त्या नळीला आम्ही गळा म्हणतो. गळ्याचं स्टील मुद्दाम असं घ्यायचं की ज्याला चुंबक चिकटत नाही. गळ्याच्या बाहेर, डबीत, बिजागरीवर एक लोहचुंबक आणि त्याच्या पाठीवर बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात पाऱ्याचा थेंब. आतलं लोखंड वर आलं की चुंबक गळ्याकडे ओढला जातो, काचेची नळी कलते, पारा घरंगळून दोन तारांच्या टोकांवर बसतो आणि बर्नरला वीज मिळते. पाणी उतरलं की लोखंड खाली जातं, चुंबकाला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, मागची स्प्रिंग त्याला ओढून घेते, नळी उलटी कलते, पारा तारांवरून निघून जातो. आग बंद.

संशयी माणसाला समाधान वाटावं असं या रचनेत बरंच काही आहे. आतून बाहेर येणारी एकही दांडी नाही, म्हणून भोक नाही आणि भोक नाही म्हणून गळती नाही. शिवाय पारा काचेत बंद. आपल्याकडची खारी हवा कशालाच सोडत नाही. तांब्याचे कॉन्टॅक्ट दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात, स्कूटरचा सायलेन्सर गळतो, खिडकीच्या कड्या हातात येतात. काचेच्या आत मात्र त्या हवेची मात्रा चालत नाही. आणि सगळी मांडणी अशी की तार तुटली किंवा वीज गेली तरी आग विझते. शंका आली की बंद, एवढंच तिला कळतं. हल्ली गिऱ्हाईकांना पारा नको असतो. तो विषारी आहे हे खरंच आहे, आणि मीही आता हळूहळू दुसरीकडे वळतोय. पण मी सांगतोय त्या साली मी पाऱ्यावरच होतो, आणि पाऱ्याइतका विश्वास माझा कोणावर नव्हता.

मेहुण्यावर तर नव्हताच.

बायकोचं माहेर सावर्ड्याच्या आतल्या बाजूला. घरची थोडी भातशेती आणि पुरुष मुंबईला, असं तिकडचं ठरलेलं. तिचा धाकटा भाऊ मुंबईत कपडे रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. रीतसर परीक्षा दिलेला, सर्टिफिकेट असलेला. तो कारखाना बंद पडला आणि हा गावी येऊन बसला. घरात म्हातारी आई, बायको, दोन लहान मुली. बायकोने माझ्यामागे लकडा लावला तेव्हा मी रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, असलेल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात शब्द टाकला. तिथे माझीच डबी बसवलेली होती. मालक म्हणाला, तुमचा माणूस म्हणजे प्रश्नच नाही. मला मात्र प्रश्न होता. हा मेहुणा बोलायला कमी, विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देणारा. असं कोणी दिसलं की मला वाटतं हा काहीतरी लपवतोय.

आंब्याचा हंगाम सुरू झाला आणि डबीने त्रास द्यायला सुरुवात केली. म्हणजे सगळे तसं म्हणू लागले. बॉयलर चालता चालता मधेच बंद पडायचा. वाफ गेली की डबे उकळायचे थांबायचे, पल्प तसाच पडून राहायचा, आंबे कापणाऱ्या बायका सुऱ्या खाली ठेवून बसायच्या. कॅनिंगचा आंबा काही मुहूर्त बघून पिकत नाही. मालकाचा फोन आला, "अहो, तुमचं ते मशीन वेडं झालंय." मी म्हटलं, मशीन वेडं होत नाही, माणसं होतात. त्याला ते आवडलं नसावं. तो म्हणाला, हे असंच चाललं तर मी डबी पण बदलेन आणि माणूस पण.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. फोन स्पीकरवर ठेवायची मला सवय आहे, समोरचा काय म्हणाला याला घरातला साक्षीदार असावा म्हणून.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. डबी उघडली, चुंबक हाताने हलवून पाहिला, पारा इकडून तिकडे झुळझुळत गेला. काच स्वच्छ, तारा घट्ट. डबीत काडीचा दोष नव्हता. मग मी मेहुण्याकडे वळलो.

"बॉयलर बंद पडतो तेव्हा तू कुठे असतोस?"

तो नेहमीप्रमाणे जरा थांबला. "हिताच असतो, भावोजी. पानी कमी व्हताय, म्हनून ती बंद पडतेय."

"पाणी कमी कसं होईल? टाकी तर भरलेली आहे."

"ता मना पन कळत नाय."

टाकी काठोकाठ भरलेली होती, मी स्वतः शिडीवर चढून पाहिली. टाकी भरलेली, पंप चालू, डबी चांगली. राहिला कोण? मी मनात खटला निकालात काढला. हा दुपारी डुलक्या घेतो आणि पंप वेळेवर लावत नाही. मालकाला मी तसं सांगितलं नाही, कारण शब्द मी टाकला होता. म्हणालो, लक्ष ठेवतो.

त्या दिवशी जेवताना मी बायकोवर चिडलो. "तुझ्या भावाला सांग, डबीला शिव्या घालू नकोस. ती बंद पाडते म्हणून तो जिवंत आहे. त्याचा सगळा जीव त्या एका डबीत आहे. तिला काही झालं तर पहिला तो जाईल, समोर तोच उभा असतो."

तिचा घास हातात राहिला. मग ती म्हणाली, "कुठे असते ती डबी? नीट सांगा बघू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या धंद्याबद्दल तिने कधी चकार शब्द विचारला नव्हता. मला बरं वाटलं. मी फ्रिजवरचा चुंबक काढून आणला, काडेपेटीत सेफ्टी पिन घातली आणि तिला दाखवलं की बाहेरचा चुंबक आतल्या लोखंडाला कसा धरतो. गळा कुठे, चुंबक कुठे, पारा कुठे. तिने विचारलं, "ती उघडते का?" मी म्हटलं, झाकणाला दोन स्क्रू असतात, कोणीही उघडेल. ती मान हलवून उठली आणि ताटं उचलायला लागली.

हात धुताना मला शंका आली. ही एवढं का विचारतेय? डबी कशी उघडते हे हिला कशाला हवं? भावाला सांगणार, तो झाकण उघडून चुंबक अडकवून ठेवणार, म्हणजे बॉयलर बंद पडायला नको आणि याची झोप मोडायला नको. चोराला घराचा नकाशा काढून दिला की काय, असं वाटून मी टॉवेलला हात पुसत तिच्याकडे बघत राहिलो. ती भांडी घासत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती घावणे आणि चटणीचा डबा घेऊन भावाकडे गेली. तो कारखान्याच्याच एका खोलीत राहायचा. बहीण भावाला डबा घेऊन जाते यात संशय घेण्यासारखं काही नसतं. मी घेतला.

आणि बॉयलर बंद पडायचा थांबला.

मालकाचा फोन आला. आवाजात साखर. "काय जादू केलीत हो? एकदम गुमान चाललाय." मी काही केलं नाही म्हटल्यावर तो हसला, त्याला वाटलं मी मोठेपणा घेत नाहीये. घरी बायकोला सांगितलं तर तिने देवाजवळ दिवा लावला. आमच्याकडे कसलीही चांगली बातमी आली की ती दिवा लावते, पण त्या दिवशी ती तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली. सगळे खूश होते. मी सोडून. रोज कुरकुर करणारं यंत्र कारण न सापडताच गप्प झालं, हे मला कधीच मानवत नाही. रडणारं मूल एकदम गप्प झालं की आई आधी धावत जाऊन बघते, तसं काहीसं.

मी न सांगता कारखान्यात गेलो. स्कूटर फाटकाबाहेरच ठेवली, आवाज आत जाऊ नये म्हणून. बॉयलरच्या शेडमध्ये डोकावलो. मेहुणा बॉयलरसमोर उभा होता. बॉयलरला पुढच्या बाजूला पाण्याची काच असते, उभी नळी, आतलं पाणी किती आहे ते दाखवणारी. तो तिच्यासमोर हाताची घडी घालून उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. जेवणाचा डबा बाजूला न उघडलेला. मला बघून तो दचकला.

"काय रे, बसत का नाहीस?"

"पान्यावर लक्ष ठेवतोय."

मला वाटलं, याने मला येताना पाहिलं असणार आणि हे सोंग आणलं असणार. डोळे तर लाल होते. मी म्हटलं, "ड्रेन उघड."

डबीची परीक्षा घ्यायची रीत सोपी आहे. गोळा ज्या भांड्यात तरंगतो त्याचं पाणी खालच्या व्हॉल्व्हने सोडायचं. गोळा खाली बसतो, डबीला वाटतं पाणी संपलं, आणि आग विझते. ही परीक्षा रोज घ्यायची असते, पण हंगामात आग विझायला नको म्हणून बरेच जण ती टाळतात. मेहुण्याने चाक फिरवायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फिरवलं. फुसफुसत पाणी गेलं. आग विझायला हवी होती. बर्नर तसाच घोंघावत राहिला.

मी लाल बटण दाबलं आणि आग हाताने बंद केली. शेडमध्ये एकदम शांतता झाली, पलीकडच्या बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. पुढे काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पाणी घटलं असतं आणि डबीने हूं की चूं केलं नसतं. तो जिथे उभा होता तिथे मी पाहिलं आणि मला त्या जुन्या ऑपरेटरचा गाल आठवला.

स्क्रू काढून झाकण उचललं. आत गळ्याला काहीतरी मिठी मारून बसलं होतं, लाल कापडात शिवलेलं, वाकडं. माझा चुंबक त्याला घट्ट चिकटलेला होता. हाताने ओढला तरी येईना. पारा आपल्या तारांवर आरामात पसरलेला. पाणी असो की नसो, तो आता तिथून हलणार नव्हता. मी ते बोचकं खेचून काढलं. कापडावरून चाचपलं. घोड्याची नाल.

नजर लागू नये म्हणून नाल ठोकतात हे कोणाला माहीत नाही? या कारखान्यात मात्र मालकाने लिंबू-मिरची, काळी बाहुली, सगळ्याला बंदी केली होती. बाहेरगावच्या पार्ट्या माल बघायला येतात, त्यांच्या डोळ्यांवर येईल असं काही नको. म्हणून याने ती झाकणाच्या आत लपवली असणार. किंवा नजरेचं नुसतं निमित्त, आणि मुळात डबी बांधूनच ठेवायची असणार. मी दुसरं धरून चाललो.

"हे कोणी बांधलं?"

उत्तराची वाट न बघता मी ओरडलो.

"मी तुला नोकरी लावली ती झोपा काढायला? डबी बांधून ठेवलीस? मेला असतास! त्या बायका मेल्या असत्या!"

माझा आवाज एवढा चढला की मालक धावत आला. मी त्याला बोचकं दाखवलं, चुंबक कसा चिकटला होता तेही दाखवलं. मालकाने मेहुण्याला विचारलं, "तू बांधलंस?"

मेहुणा माझ्या हातातल्या लाल कापडाकडे बघत होता. मग म्हणाला, "व्हय. मीच बांदला."

मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. मेहुण्याने न उघडलेला डबा पिशवीत टाकला, खोलीतून कपडे घेतले आणि एसटी पकडायला निघून गेला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. मला काय वाटलं ते सांगून टाकतो. मला समाधान वाटलं. संशय खरा ठरला की वाटतं ते.

आता राहिला मूळ प्रश्न, बॉयलर आधी का बंद पडत होता. मेहुणा गेल्यावर मी पंपाकडे गेलो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक गाळणी असते, लोखंडी डब्यात बसवलेली. आधीच्या खेपेला ती मी उघडली नव्हती, कारण मला माणूस सापडला होता. आता उघडली तर आत तांबड्या मातीचा लगदा. वैशाखात सड्यावरच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं की जांभ्याची ती बारीक माती पाण्याबरोबर येते. टाकी वर भरलेली दिसते आणि पंपाला खाली पाणी मिळत नाही. पाणी खरंच घटत होतं. डबी प्रत्येक वेळी खरं बोलत होती, आणि मेहुणाही.

ती गाळणी मी स्वतः धुतली, आग पेटवली, ड्रेन उघडला. आग विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मालक खूश झाला आणि मला आंब्याची पेटी देऊ लागला. मी घेतली नाही. काहीतरी खुपायला लागलं होतं.

झोपा काढायच्या म्हणून ज्याने डबी बांधली, तो काचेसमोर उभा का होता? जेवणाचा डबा न उघडता? सोंग आणलं म्हणावं तर मी आलेलो त्याला दिसलोच नव्हतो, तो दचकला होता. आणि ते कापड. मी स्कूटरच्या डिकीतून ते पुन्हा काढून पाहिलं. चारी बाजूंनी बारीक धावदोरा, टोकाला गाठ आत वळवलेली. कपडे रंगवायच्या कारखान्यात बॉयलर चालवणारा माणूस असं शिवतो?

घरी आलो तर दार उघडं होतं, आतून फोडणीचा वास येत होता. मी पायरीवरच बसलो आणि खिशातल्या ब्लेडने टाके उसवले. नाल जुनी होती, झिजलेली. तिच्या एका अंगाला हिरवा ऑइल पेंट लागला होता.

तो रंग मी ओळखला. घराची चौकट मीच रंगवली होती. दारावर एक नाल ठोकलेली होती, घर बांधलं तेव्हा सासऱ्यांनी कोल्हापूरकडच्या एका टांगेवाल्याकडून आणलेली, काळ्या घोड्याची. खिळे काढायचा कंटाळा आला म्हणून मी तिच्यावरूनच ब्रश फिरवला होता. बायको त्यावर दोन दिवस बोलली नव्हती.

मी उठून वर पाहिलं. दारावर पाडव्याचं आंब्याच्या पानांचं तोरण होतं, वाळून गेलेलं, नेहमीपेक्षा जरा खाली ओढून बांधलेलं. ते बाजूला केलं. हिरव्या रंगात नालेच्या आकाराचं उघडं लाकूड आणि खिळ्यांची भोकं. कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारा मी, त्याच दारातून रोज येत-जात होतो.

बायको आतून आली. माझ्या हातात काय आहे ते तिने पाहिलं.

"काढलीत?" ती घाबरून म्हणाली. "अहो, काढलीत कशाला? त्याला काही झालं तर?"

मी तिला चुंबक आणि पारा समजावून सांगायला तोंड उघडलं. ती ऐकत नव्हती. मग मी सरळ सांगितलं, "हिच्यामुळेच झालं असतं. चुंबक हिलाच चिकटून बसला होता. पाणी संपलं असतं तरी आग विझली नसती."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती दाराला टेकली. "तुम्हीच म्हणालात ना, त्याचा जीव त्या डबीत आहे. म्हणून मी डबीलाच बांधली. बाहेर टांगली तर मालक काढून टाकील म्हणाला तो. झाकण त्यानेच उघडून दिलंन्. पाण्याला लागत नाय, तारेला लागत नाय, मग काय होतंय, असं आम्हाला वाटलं." माहेरची भाषा तिच्या बोलण्यात अशी फक्त घाबरल्यावर येते. "मग बॉयलर बंद पडायचा थांबला. मला वाटलं नजर उतरली. त्याला मात्र खात्री वाटत नव्हती. फोनवर म्हणाला, ताय, उतरली असली तर बराच, नसली तर? म्हणून मी काचेवरची नजर काढत नाय, पाणी उतरायला लागला की हातानं आग बारीक करतोय."

म्हणून तो तिथे उभा होता. माझी डबी आंधळी झाली तेव्हापासून तिच्या जागी तो उभा होता.

"त्याला बोललात?" तिने विचारलं.

मी नाल पायरीवर ठेवली.

"तो काय म्हणाला?"

"मीच बांधलं म्हणाला."

तिने पदर तोंडाला लावला. "मी शपथ घातली होती त्याला. माझं नाव सांगू नकोस म्हणून."

"पण का? नोकरी गेली त्याची!"

"तुम्ही हसाल म्हणून," ती म्हणाली.

मी मालकाला फोन लावला आणि ती नाल माझ्या घरच्या दारावरची आहे इथपासून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर नव्हता. मी बांगड्याचा डोळा बघतो तसा मालक मला फोनवरूनच पारखत असणार. म्हणाला, कोणाचीही असो, झाकण त्यानेच उघडून दिलं ना? त्याचं चुकत नव्हतं. मेहुण्याला त्याने परत घेतलं नाही. पुढच्या हंगामाला माझी डबीही काढून टाकली. मी सावर्ड्याला गेलो तेव्हा मेहुणा कुंपणाच्या गडग्याचे पडलेले दगड रचत होता. मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "ऱ्हावदे भावोजी. च्या घेताव?" त्या चहाची चव मला लागली नाही. पुढे त्याने लोट्याच्या एका कंपनीत आपली आपण नोकरी मिळवली, बॉयलरवरच. माझ्याकडे शब्द टाकायला आला नाही. मला ते बायकोकडून कळलं.

मी डबीची रचना बदलली. गळ्याभोवती पितळी पत्र्याचं कवच बसवलं, आत चुंबकाला हलायला लागेल तेवढीच जागा. झाकणाचा आकारही वाढवला, म्हणजे बाहेरून कोणी काहीही आणून लावलं तरी चुंबकापर्यंत त्याची ओढ पोचू नये. हे आधीच सुचायला हवं होतं. मी खाऱ्या हवेवर संशय घेतला, तारेवर घेतला, झोपाळू माणसावर घेतला. काळजी करणाऱ्या माणसाचा विचार मी रचनेत केलाच नव्हता.

गणपतीत मेहुणा आरतीला आला. जेवणं झाल्यावर मी नवी डबी आणून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, कवचात बोट घालायचा प्रयत्न केला. मग वर बघून म्हणाला, "ताय, ती नाल दे गो जरा."

नाल मी तेव्हाच परत दारावर ठोकली होती. बायकोने पक्कड घेऊन खुर्चीवर चढून ती काढून दिली. मेहुण्याने ती डबीला समोरून लावली, बाजूने लावली, वरून लावली, झाकण उघडून आतही घुसवायला पाहिली. घुसेना. प्रत्येक वेळी तो वाकून पाऱ्याकडे बघत होता. पारा जागचा हलला नाही. बराच वेळ त्याचं हे चाललं होतं आणि मी बाजूला बसून होतो. माझ्या कामाची अशी झडती दुसऱ्या कोणी घेतली असती तर मी खपवून घेतली नसती.

"आता बरा हाय," तो शेवटी म्हणाला आणि त्याने डबी माझ्याकडे सरकवली.

तो निघाला तेव्हा बायको मोदकांचा डबा घेऊन दारात आली. तिच्या दुसऱ्या हातात ती नाल होती. दारावर परत ठोकायला तिने ती माझ्याकडे दिलीच नव्हती. रुमालात गुंडाळून तिने ती भावाच्या पिशवीत घातली.

"खिशात ठेव हां," ती त्याला म्हणाली. "डबीजवळ नको नेऊस. खिशातच."

त्याने मान हलवली. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो नाही.